वाचक विचारतात : चौपाटीवर मन का लागत नाही?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत समुद्राबद्दलची पत्रं बरीच होती. कुणाला तिथे करमत नाही, कुणाला भीती वाटते, कुणाला तिथली आठवण सोसवत नाही. पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं मात्र ज्याला जेवढं लागलं तेवढं लिहिलं आहे.

सगळे म्हणतात, समुद्र बघितला की डोकं शांत होतं. मी रविवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जुहूला जाते आणि डोकं धरून, चिडचिड करत परत येते. माझ्यातच काही कमी आहे का?
*– एक वाचक, डोंबिवली*

तुमच्यात काहीही कमी नाही. तुमची वेळ चुकते आहे, आणि मुंबईत समुद्राच्या बाबतीत वेळ चुकली की सगळंच चुकतं.

तुम्ही डोंबिवलीहून दादरला गाडी बदलता, पार्ल्याला किंवा सांताक्रूझला उतरता, तिथून बस किंवा रिक्षा करता. किनाऱ्यावर पाय ठेवता तेव्हा पावणेदोन-दोन तास गर्दीत गेलेले असतात. जुहूचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे साडेचार ते सहा या वेळात ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि पाण्यावरून उलटून पुन्हा येतं. दीड तास डोळे बारीक करून बसायचं, वर खारा वारा, पोटात पाणी नाही आणि तिखट भेळ. डोकं दुखणारच.

त्यात भरतीची वेळ असली तर आणखी पंचाईत. पाणी वर आलं की चालण्याजोगी कडक, ओली वाळू पाण्याखाली जाते. उरतो तो खाण्याच्या गाड्यांपासून पाण्यापर्यंतचा भुसभुशीत पट्टा, आणि रविवारची सगळी गर्दी तेवढ्यात मावायला बघते. तीच गर्दी ओहोटीला आली असती तर चौपट जागेत पसरली असती.

म्हणून आधी भरतीचं गणित शिकून घ्या. किनाऱ्यावरची माणसं ते बोटांवर करतात : तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास, क्वचित तासभर फरक पडतो. नेमकी वेळ वर्तमानपत्रात किंवा फोनवर बघता येते, पण कॅलेंडरवरची तिथी बघून बेत ठरवायला एवढं पुरतं.

आता हे तुमच्या रविवारला लावा. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस, या काळात भरती दुपारी असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान. उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही खूप दूर जातं. असा रविवार निवडा. अष्टमीच्या आसपासचा रविवार संध्याकाळी टाळा, कारण तेव्हा नेमकी सहाला भरती असते.

संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. पहिल्यांदा जुहूला न जाता गिरगावला जा. चर्नी रोडला उतरलात की पूल ओलांडून थेट चौपाटी, रिक्षाची कटकट नाही. तिथे समुद्र उपसागरासारखा आत वळलेला आहे, त्यामुळे लाटा जुहूपेक्षा लहान आणि आवाजही मऊ. एकट्या जा किंवा एकाच मैत्रिणीबरोबर. पहिली पंधरा मिनिटं ओल्या वाळूवरून नुसतं चाला. लगेच बसू नका, कारण गाडीत आखडलेलं अंग मोकळं झाल्याशिवाय डोकं मोकळं होत नाही. मग चादर अंथरा. प्लॅस्टिकची चटई वाऱ्याने उडते, जाड सुती चादर बरी, आणि चारही कोपऱ्यांवर ओंजळभर वाळू टाका. बसायच्या जागी चार बोटं खोल खळगा केला तर कंबर दुखत नाही. पाऊण तासात उठा. आणि आपण शांत झालो की नाही हे दर पाच मिनिटांनी तपासू नका. तेवढ्याने माणूस शांत व्हायचा राहतो.

वडील 78 वर्षांचे. वयाच्या विशीपासून गिरगाव चौपाटीवर जात होते. आता गुडघे साथ देत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसवलं तर रागावतात, म्हणतात, "मला इथून समुद्र नको." हट्टच म्हणायचा का हा?
*– एक वाचक, ठाकूरद्वार*

हट्ट नाही. कट्ट्यावरून समुद्र दिसतो, पायाला लागत नाही. ज्या माणसाने पन्नास-पंचावन्न वर्षं पाण्यात पाय भिजवले, त्याला लांबून दाखवणं म्हणजे नातवंडाचा फोटो दाखवून भेट झाली म्हणण्यासारखं आहे. त्यांना पाण्यापर्यंत न्या. नेता येतं.

अडचण पाण्याची नाही, मधल्या कोरड्या वाळूची आहे. कोरडे कण एकमेकांवरून घसरतात, पाऊल रुततं, गुडघ्याला पीळ बसतो, काठीचं टोक खाली जातं. ओल्या वाळूत कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, म्हणून ती पायाखाली जमिनीसारखी लागते. तेव्हा कोरडा पट्टा कमीत कमी चालावा लागेल अशी वेळ गाठायची. पूर्ण ओहोटीला नेऊ नका, पाणी फार लांब जातं. पूर्ण भरतीलाही नको, कडक वाळूच मिळत नाही. भरतीनंतर दीड ते दोन तासांनी न्या. पाणी नुकतं मागे सरलेलं असतं, कडक वाळू जवळच सुरू होते आणि लाट पुढे नाही, मागे जात असते. ते दिवसही फार उधाणाचे नसावेत.

काठीला खाली रुंद रबरी पाय बसवून घ्या. पायात पट्ट्याची सँडल हवी, चप्पल नको. चप्पल वाळू उडवते आणि निसटते. घडीची खुर्ची नेत असाल तर तिचे पाय एकेक करून रुततात आणि खुर्ची कलते. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा खाली ठेवला की ती स्थिर राहते. हातांची खुर्ची घ्या, उठताना आधार लागतो.

पाण्यात घोट्यापर्यंतच. परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते आणि माणूस मागे झुकतो. त्याच वेळी नजर वाहत्या पाण्यावर असली तर गरगरतं. त्यांना सांगा, नजर लांब क्षितिजाकडे ठेवा. तुम्ही त्यांच्या मागे नाही, शेजारी उभे राहा आणि कोपराच्या वर दंड धरा. हात धरला तर दोघेही पडतात. पाच-सात मिनिटं पुरेत, मग खुर्ची. परतताना थकवा येतो, कारण चढ आणि कोरडी वाळू दोन्ही शेवटी येतात. त्या आधी दहा मिनिटं बसवा.

माझा मुलगा सहा वर्षांचा. किनाऱ्यावर गेलं की माझा जीव टांगणीला लागतो. सगळा वेळ त्याच्यावर ओरडण्यात जातो. घरचे म्हणतात, तू घाबरट आहेस, पोराचा आनंद घालवतेस.
*– एक वाचक, मुलुंड*

तुमची भीती खरी आहे आणि ती घालवू नका. अक्साच्या किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना पुन्हापुन्हा घडल्या आहेत, आणि बुडालेल्यांत पोहता येणारेही असतात. फक्त भीतीला काम नेमून द्या. काय बघायचं हे ठरलं की ओरडावं लागत नाही.

पहिलं म्हणजे ओढ ओळखायला शिका. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून समुद्र बघा. लाटा सगळीकडे फुटून पांढऱ्या होत असताना मधेच एखादा पट्टा गडद, सपाट, लाट न फुटणारा दिसतो. त्यावरचा फेस किंवा कचरा किनाऱ्याकडे न येता आत जात असतो. बघणाऱ्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते आणि माणसं तिथेच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं, ती ओढ. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहायला जातो, दमतो आणि बुडतो. अंग तरंगतं ठेवून किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग आत यायचं.

दुसरं म्हणजे जागा. मूल त्याच्या गुडघ्याच्या वर पाण्यात नको, आणि तुम्ही काठावर नाही तर मुलाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला उभ्या राहा. लाट त्याच्याआधी तुमच्यापर्यंत येते. हात लांबवला की खांद्याला लागेल एवढंच अंतर. कपडे नारिंगी किंवा भडक गुलाबी. निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसत नाही. लक्ष ठेवायची पाळी एका वेळी एकाच मोठ्याकडे द्या, पंधरा मिनिटांची, फोन न घेता. "सगळे आहेत ना" म्हणताना कुणीच बघत नसतं.

तिसरं म्हणजे पाणी चढतं कसं. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. हा चढ सहा तासांत सारखा नसतो. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी दर तासाला जवळजवळ मीटरभर वर येतं. सपाट वाळूवर ते तुमच्या चादरीपर्यंत येतं, एवढंच. बँडस्टँड किंवा कार्टर रोडच्या खडकांवर मात्र ते तुमच्या मागच्या खळग्यांतून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते. खडकांवर मुलाला न्यायचं असेल तर पाणी उतरत असतानाच, आणि उलटलं की लगेच बाहेर.

पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची परंपरा. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपण थांबायला हरकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जुहू, गिरगाव, अक्साला निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात. वाळूवर मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात. धागा चिकटला तर चोळू नका, वाळू लावू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. चिमट्याने धागा काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग ठेवा. सोसेल की नाही ते आधी तुमच्या हाताने बघा. 2013 साली गणेश विसर्जनात गिरगावला पाकटांनी (स्टिंगरे माशांनी) बऱ्याच भाविकांना डंख केला होता. गढूळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाललं की पाकट बाजूला होतं. श्वास लागला किंवा चेहऱ्यावर सूज आली तर थेट 108. पाण्यात कुणी अडकलं तर जीवरक्षकाला हाक आणि 112 किंवा महापालिकेचा 1916.

एवढं केलंत की उरलेला वेळ त्याच्याबरोबर किल्ला करा. खड्डा मात्र त्याच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. ओल्या वाळूच्या भिंती न सांगता ढासळतात.

लग्नानंतर सत्तावीस वर्षं आम्ही दोघं दादर चौपाटीवर संध्याकाळी बसायचो. ते गेले त्याला दीड वर्ष झालं. आता त्या रस्त्याने बसदेखील गेली तर मी मान फिरवते. जावंसंही वाटतं आणि जाववतही नाही.
*– एक वाचक, माहीम*

जायची इच्छा शिल्लक आहे, हे चांगलं आहे. पण एकदम जुन्या जागी, जुन्या वेळेला जाऊ नका. त्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सोसत नाही.

आधी वेळ बदला. संध्याकाळ त्यांची होती, तुम्ही सकाळी सातला जा. वाळूवरही उतरू नका. चैत्यभूमीजवळ समुद्र बघायला व्ह्यूइंग डेक आहे. तिथे उभं राहून वीस मिनिटं समुद्र बघा आणि घड्याळ बघून परता. रडू आलं तर येऊ द्या. तिथे कुणी वळून बघत नाही, वाऱ्याने सगळ्यांचेच डोळे चुरचुरत असतात. बरोबर बहीण किंवा मैत्रीण असेल तर तिला आधीच सांगून ठेवा की तिने समजूत घालायची नाही, फक्त हाकेच्या अंतरावर थांबायचं.

असं चार-पाच वेळा झालं की वाळूवर उतरा, पण जुन्या जागेपासून दूर. संध्याकाळ सगळ्यात शेवटी. ती पहिल्यांदा निवडाल तेव्हा ओहोटीची निवडा. पाणी लांब असतं, किनारा रुंद आणि वेगळाच दिसतो, ओळखीच्या खुणा कमी सापडतात. नोव्हेंबर अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वीसला. हिवाळ्यात काळोख लवकर होतो म्हणून निघायची वेळही आधी ठरवून ठेवा. अंधारात एकटीने परतण्याची पाळी आली तर पुढच्या वेळी पाय उचलत नाही. एखाद्या दिवशी अर्ध्या वाटेतून मागे फिरलात तरी चालेल. आठवडाभराने पुन्हा जा.

जेवण-झोप उडाली असेल, दिवसभर कशातच मन लागत नसेल, तर समुद्राची वाट न बघता डॉक्टरांना भेटा.

मित्र तासन्‌तास किनाऱ्यावर बसतात. मला दहा मिनिटांत कंटाळा येतो. नुसतं बसून करायचं काय?
*– एक विद्यार्थी, अंधेरी*

नुसतं बसू नका. खाली बघा. ओहोटीला जुहूच्या ओल्या वाळूवर मोहरीपासून साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधे एक भोक आणि भोवती सूर्यकिरणांसारख्या रांगा. लोक त्यावरून चालत जातात. हे काम सँड बबलर नावाच्या खेकड्याचं, जो तुमच्या करंगळीच्या नखाएवढाही नसतो.

पाणी हटलं की तो बिळातून वर येतो आणि आडवा सरकत दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो. कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण तेवढे खातो. साफ झालेल्या वाळूची गोळी तोंडाशीच तयार होते आणि ती पायाने मागे ढकलली जाते. एकदा चाळलेली वाळू पुन्हा हाती येऊ नये, ही सोय. नीट बघितलंत तर रांगांमधे एक वाट मोकळी दिसेल. धोका वाटला की तिथून तो सरळ बिळात पळतो. पुढची भरती सगळं पुसून टाकते आणि बारा-साडेबारा तासांनी तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरू करतो.

बघायचं असेल तर नक्षीपासून पाच-सहा फुटांवर उकिडवे बसा, सावली बिळावर पडू देऊ नका आणि तीन-चार मिनिटं हलू नका. पावलांचा हादरा कळला की सगळे एकदम गायब होतात. आधी एक येतो, मग आजूबाजूचे दहा-बारा. यात तुमची वीस मिनिटं कशी गेली ते कळणार नाही.

हे आवडलं तर पुढची पायरी खडकांची. हाजी अली, कार्टर रोड, बँडस्टँड इथे ओहोटीला खळग्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, गोगलगाई दिसतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी उलटताच निघा. तळव्याला खाचा असलेले बंद बूट घाला. दगड उलटू नका, खालचे जीव उन्हाने मरतात. शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका. आत गोगलगाय जिवंत असेल तर तिचा डंख विषारी असतो.

वर्सोव्याला कचरा बघून इतकं वाईट वाटतं की जाणंच सोडलं. दोनदा पिशवी घेऊन उचललाही, दुसऱ्या दिवशी तेवढाच. मग उपयोग काय?
*– एक वाचक, यारी रोड*

दुसऱ्या दिवशी आलेला कचरा तुमचा उचललेला नव्हता. नाले आणि मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या तो समुद्रात सोडतात आणि भरती तो परत टाकते. पावसाळ्यात तर वर्षभराचं साठलेलं बाहेर येतं. त्यामुळे एका दिवसाने फरक दिसणारच नाही. पण तुमच्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 मध्ये वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, आठवड्यामागून आठवडे माणसं जोडत गेले, आणि मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. म्हणजे होतं, पण सातत्याने आणि अनेकांनी मिळून.

एकटीने करत असाल तर सगळा किनारा डोळ्यांसमोर धरू नका. भरतीच्या रेषेवरची पन्नास पावलं ठरवा, कारण कचरा त्या रेषेवरच साचतो. भरती उतरू लागली की तासाभराने जा. जाड रबरी हातमोजे घ्या, कापडी नको, काच आणि सुई लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी गोणपाट घ्या. अर्धी गाडलेली पिशवी ओढू नका. आतल्या वाळूने ती फाटते आणि तुकडे आणखी खोल जातात. भोवतीची वाळू आधी हाताने मोकळी करा, पिशवी तिरकी करून रिकामी करा, मग काढा. बाटल्यांपेक्षा आधी जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या आणि झाकणं उचला, प्राण्यांना तीच अडकतात आणि पोटात जातात. अर्ध्या तासाने थांबा. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस मात्र पाण्यात पाय घालू नका, नाल्याचं मैलापाणी तेव्हा काठाशीच असतं.

मला समुद्र आवडतो, पण परत येताना अंगाला चिकटलेल्या वाळूने इतकी शिसारी येते की जाववत नाही.
*– एक वाचक, ठाणे*

बऱ्याच जणांना येते. ओल्या पायावरची वाळू पुसू नका, पुसल्याने ती घासते आणि चिकटते. पाय पूर्ण सुकू द्या, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि हाताने झटका. पावडर ओल शोषते, वाळू आपोआप गळते. बोटांच्या बेचक्यांसाठी जुना मऊ ब्रश ठेवा. लिटरभर गोडं पाणी बाटलीत न्या आणि ते शेवटी पायांवर ओता, वाळूतच ओतलंत तर पुन्हा चिकटेल. सलवारीऐवजी गुडघ्यापर्यंतची पँट घाला. लोकलमध्ये ओली सलवार मांड्यांना चिकटते आणि आतली वाळू ठाण्यापर्यंत घासत राहते. सुका जोड पिशवीत वेगळा बांधून घ्या आणि गाडीत चढण्याआधीच बदला.